अठ्ठावन्नावं मिनिट

माधवनगरच्या गिरणी मैदानावर सिमेंटच्या सात पायऱ्या आहेत. खालून तिसऱ्या पायरीवर, विजेच्या खांबाला लागून, अण्णा बसायचे. चाळीस वर्षं तिथंच बसायचे. अंजना मैदानात शिरली तेव्हा त्या जागी वर्तमानपत्राचं अर्धं पान पसरलेलं होतं, उडू नये म्हणून त्यावर एक दगड ठेवलेला होता, आणि शेजारी उरलेल्या अर्ध्या पानावर तो बसला होता.

उंच, काळा, पस्तिशीचा असावा. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. बाकीच्या पायऱ्यांवर माणसं एकमेकांना खेटून बसली होती, त्याच्या मागंपुढं मात्र हात-दोन हात मोकळे सोडलेले होते.

नाटक, असं अंजनाच्या मनात आलं. गेलेल्या माणसाची जागा राखायची आणि ती चारचौघांच्या डोळ्यांत भरेल अशी राखायची, हे तिनं पुष्कळ पाहिलं होतं. साताऱ्यात एका विमा कंपनीत ती एकवीस वर्षं मृत्यूच्या दाव्यांची छाननी करत होती. कागदात काही खटकलं की त्या गावात जायचं, चार घरी चहा घ्यायचा आणि तोच प्रश्न चार वेळा विचारायचा. खरं सांगणारी माणसं तीच गोष्ट चार तऱ्हांनी सांगतात. खोटं मात्र चौघांच्या तोंडून अगदी त्याच शब्दांत येतं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

अण्णा, म्हणजे तिचे वडील आकाराम सूर्यवंशी, डिसेंबरच्या पहिल्या रविवारी याच पायरीवर गेले. फुटबॉलचा उपांत्य सामना चालू होता. संध्याकाळी सहाला नानासोकाकांचा फोन आला, "अंजू, निघ. अण्णाला जरा बरं न्हाई." आपल्याकडं माणूस गेल्यावर असाच फोन येतो. कऱ्हाड येईपर्यंत तिनं स्वतःला समजावलं की बरं नाही म्हणजे बरं नाही. पेठ नाक्यावर तिनं समजावणं सोडून दिलं.

रात्री अण्णांचा शर्ट बदलताना ती जवळ होती. छातीच्या मधोमध, तळहाताएवढा, निळसर डाग होता. दवाखान्याच्या कागदावर पाच पन्नासची वेळ होती. डॉक्टरांनी सांगितलं, आणलं तेव्हाच संपलं होतं, आम्ही हातसुद्धा लावला नाही. मग डाग कसला?

दहावं झाल्यावर तिनं नानासोकाकांना विचारलं. नानासो माने अण्णांबरोबर गिरणीच्या संघातून खेळलेले, अण्णा मधल्या फळीत आणि हे डाव्या बाजूला. आता सामने भरवणाऱ्या मंडळाचे सचिव. अण्णांच्या तिरडीचा पुढचा दांडा त्यांनीच धरला होता.

"काका, नक्की काय झालं?"

"काय हुनार गं. अण्णा खाली बसला, आन् त्यो नायजेरियन उठला आन् गेटाकडनं पळाला."

"कुणी छाती दाबली का त्यांची? प्रथमोपचार म्हणून?"

"छ्या. आमच्यात कुनाला येतंय त्ये?"

मंडळाच्या आणखी दोघांना विचारलं. दोघांनीही सांगितलं, अण्णा खाली बसले, आणि तो नायजेरियन उठला आणि गेटाकडनं पळाला. शब्द इकडचा तिकडं नाही.

त्या सामन्याचं चित्रण मंडळानं इंटरनेटवर टाकलेलं होतं. अंजनानं ते चौदा वेळा पाहिलं. अठ्ठावन्नाव्या मिनिटाला चेंडू कॉर्नरकडं जातो, त्याच्यामागं कॅमेरा फिरतो आणि चौकटीच्या कडेला पायऱ्या येतात. एक उंच माणूस गुडघ्यावर बसून कुणावर तरी वाकलेला दिसतो. त्याचे दोन्ही हात त्या माणसाच्या छातीवर असतात. मग माणसांच्या पाठी आड येतात, आणि कॅमेरा पुन्हा चेंडूमागं जातो.

"तक्रार द्यायची तर दे," तिचा नवरा धैर्यशील म्हणाला. "नाहीतर डोक्यातून काढून टाक. मधेच लोंबकळू नकोस." पण लोंबकळणं हाच तिचा पेशा होता. आपल्या बापाच्या अंगावर कुणी हात टाकला का, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. ते कळेपर्यंत तिला रडूही येणार नव्हतं, आणि आलंही नव्हतं.

जानेवारीत मंडळानं अण्णांच्या नावानं चषक ठेवला. तीन रविवार सामने, तिसऱ्या रविवारी अंतिम. अंतिम सामन्याला अंजनानं चषक द्यायचा असं काकांनी कळवलं होतं. ती पहिल्याच रविवारी, न सांगता, साताऱ्याहून एसटीनं आली होती.

ती सर्वांत वरच्या पायरीवर, बायकांच्यात बसली. तिथून पांढऱ्या शर्टातल्या त्या माणसाची पाठ दिसत होती.

अण्णा दर रविवारी संध्याकाळी फोन करायचे आणि सामन्याचा अहवाल द्यायचे. ती कपड्यांना इस्त्री करता करता हं हं करायची. दीड वर्षापूर्वीपासून त्या अहवालात 'आमचे ओमराव' येऊ लागले. ओमराव असं म्हणाले, ओमरावांना तो पंच पटला नाही. ओमराव म्हणजे कुणीतरी निवृत्त तलाठी असावेत असं तिनं धरून चाललं होतं. अण्णा गेल्यावर तिला कळलं की ओमराव म्हणजे ओमोंडी, मंडळातले ज्याला नायजेरियन म्हणायचे तोच, आणि तो ढालगावच्या पठारावरच्या पवनचक्क्यांवर काम करायला परदेशातून आलेला आहे. आठवडाभर पठारावर असतो आणि शनिवारी सांगलीतल्या खोलीवर येतो. सांगलीत आला तेव्हा पहिल्याच रविवारी फुटबॉल कुठं असतो विचारत विचारत तो इथं पोचला. त्याला कुणी बसायला जागा देईना, तेव्हा अण्णांनी आपल्या खालच्या पेपराचं अर्धं पान त्याला दिलं म्हणे. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्याशी सलगी करणाऱ्या अनोळखी माणसांच्या फायली तिच्या कपाटात कमी नव्हत्या.

सामना सुरू झाला. बुधगावचा एक पोरगा एकटाच चेंडू घेऊन तिघांच्या अंगावर गेला आणि अडकला. तो माणूस ताडकन उठला आणि ओरडला, "आरं पास दे की गड्या! बॉल काय घरी न्यायचाय?"

अंजनाच्या हातातली पाण्याची बाटली घरंगळून दोन पायऱ्या खाली गेली. उच्चार मोडके होते, पण शब्द अण्णांचे होते, 'गड्या'वरचा हेल अण्णांचा होता, ओरडून झाल्यावर मांडीवर मारलेली थापही अण्णांचीच होती. पायऱ्यांवर कुणी हसलं नाही. अण्णा असताना हसत असावेत.

मध्यंतरातच ती उठली आणि एसटी स्टँडवर आली. त्या माणसानं अण्णांचं आणखी काय काय घेतलंय, असं तिच्या मनात आलं, आणि तिला स्वतःचीच थोडी लाज वाटली. पण थोडीच.

दुसऱ्या रविवारी ती सरळ तिसऱ्या पायरीपाशी गेली.

"ही जागा कुणाची आहे?" तिनं हिंदीत विचारलं.

त्यानं वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पेपरावरचा दगड उचलून बाजूला ठेवला आणि म्हणाला, "अंजना. सातारा."

"तुम्हाला कसं कळलं?"

"नाक," तो मराठीत म्हणाला. "अण्णांचं नाक."

ती बसली. पुढचं बोलणं इंग्रजीत झालं. त्याचं इंग्रजी तिच्यापेक्षा चांगलं होतं, आणि तो शब्द मोजून वापरत होता.

"तुम्ही चौकशीला आलाय," तो म्हणाला.

"मी सामना बघायला आलेय."

"अण्णा म्हणायचे, तिला फुटबॉलमधलं काही कळत नाही. आणि म्हणायचे, ती लोकांचं खोटं पकडते. त्याचा पगार घेते."

तिनं मैदानाकडं पाहिलं. मिरजेचा संघ कुठला आणि बुधगावचा कुठला हे तिला खरोखरच कळत नव्हतं.

"त्या दिवशी तुम्ही अण्णांना सोडून का गेलात?"

"गेटापर्यंत गेलो."

"का, ते विचारतेय."

खाली एका पोरानं चेंडू बाहेर मारला आणि लाऊडस्पीकरवरून त्याची खरडपट्टी निघाली. "अरे बाळा, गोल हिकडं हाय, माधवनगर टेसन न्हवं!" लोक हसले. तो हसला नाही.

"माझ्या कंपनीला या मंडळाचं पत्र गेलंय," तो शेवटी म्हणाला. "तुमच्या माणसाला मैदानावर पाठवू नका, असं. मी तरीही येतो. बसतो आणि जातो, कुणाशी बोलत नाही. तुम्हाला काय हवं ते त्यांना विचारा." त्यानं हनुवटीनं समोर, मंडपाखाली बसलेल्या नानासोंकडं दाखवलं.

"मी तुम्हाला विचारतेय."

"तुमच्याकडं पोलिसांचा कागद आहे?"

"नाही."

"मग आपण सामना बघू."

प्रत्येक दोषी माणूस दुसऱ्याकडं बोट करतो, अंजनानं मनात नोंद केली. आणि कागद आधी विचारतो. पण त्याखाली आणखीही एक नोंद तिला करावी लागली. बोलताना त्यानं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. घाबरलेला माणूस आणि दोषी माणूस यांत फरक करायला वेळ लागतो. तिच्याकडं एकच रविवार उरला होता.

सामना संपल्यावर ती गेटाबाहेरच्या चहा-भज्यांच्या टपरीवर थांबली. टपरी जरिनाची. पन्नाशीची, ठसठशीत बाई. नवरा गिरणीत होता, गिरणी बंद पडली तेव्हापासून टपरी तीच चालवते. अण्णांची मुलगी म्हटल्यावर तिनं लाकडी बाकडं फडक्यानं पुसून दिलं.

"बसा ताई. अण्णांचा च्या बिनसाखरंचा असायचा. तुमचा?"

"साखर चालेल. त्या दिवशी तुम्ही इथंच होता?"

"टपरी सोडून कुठं जानार मी?" जरिना कांदा चिरत होती.

"तो माणूस पळत इथूनच गेला असेल."

सुरी थांबली. "कोन मानूस?"

"ओमोंडी."

"पळत?" जरिनानं सुरी खाली ठेवली. "ताई, चौघांनी धरून आनलेला मानूस पळंल कसा?"

अंजनानं कप बाकड्यावर ठेवला. अशा वेळी बोलायचं नसतं हे तिला ठाऊक होतं.

"तुमास्नी कुनी सांगितलंच न्हाई व्हय? दीड म्हैना झाला की ओ." जरिनानं गेटाकडं एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. "अण्णा पडलं तवा बोंबाबोंब झाली. मी गेटात जाऊन उबी ऱ्हायले, तितनं पायऱ्या दिसत्यात. ह्यो गुडघ्यावर बसून अण्णांच्या छातीवर असं दोनी हातांनी दाबत हुता. जोरजोरात. आन् मोजत हुता, त्याच्या भाषंत. मला वाटलं मंत्र म्हनतोय. तर नानासो मंडपातनं पळत आलं आन् त्याची कॉलर धरली. 'म्हाताऱ्याला मारतोय, धरा रं ह्याला!' मग चौघं झोंबलं. त्यो वरडत हुता, ह्याला सोडू नका, दाबा, दाबा. त्येचं कोन ऐकतंय. हितं आणून ह्या खांबाला उबा केला. रडत हुता, ताई. एवढा मोठा गडी."

"आणि अण्णा?"

"अण्णांना फिट आली म्हनं. कुनी किल्ल्यांचा जुडगा हातात दाबला. कुनी चप्पल नाकाला लावली. मग एक जन हितं आला पळत, म्हनला कांदा दे, फोडून नाकाला लावायचा हाय." समोरच्या परातीत अर्धा चिरलेला कांदा होता, तो जरिनानं उगाच इकडचा तिकडं केला. "मी दिला. चांगला मोठा बगून दिला."

कांद्याच्या वासानं अंजनाचे डोळे चुरचुरले.

"गाडी यायला अर्धा तास गेला," जरिना म्हणाली. "तवर कांदाच चालला हुता."

अंजनानं चहा संपवला. बाईवर लगेच विश्वास टाकायला तिचं मन तयार होईना. हा माणूस दर रविवारी इथंच चहा पीत असणार. चार गोड शब्द बोलला असेल, भज्यांची तारीफ केली असेल. तिनं याहून कमी गोष्टींवर उभी राहिलेली साक्ष पाहिली होती.

त्या संध्याकाळी ती साताऱ्याला परतली नाही. अण्णांच्या खोलीत, कॉटवर बसून, तिनं पंधराव्या वेळी ते चित्रण लावलं. या वेळी गती कमी करून. अठ्ठावन्नावं मिनिट. आता तिनं चेहरा पाहिला नाही, कोपर पाहिले. कोपर सरळ होते, ताठ. खिसा चाचपणाऱ्या माणसाचे कोपर वाकलेले असतात. मारणाऱ्याचा हात वर उचलला जातो. हे हात छातीवरून उचलले जात नव्हते, वर-खाली, वर-खाली, एका लयीत चालले होते. कॅमेरा पायऱ्यांवर होता तेवढ्यात तिनं दाब मोजले. एकोणीस. विसाव्याला एका बाजूनं एक हात चौकटीत आला, बाही वर सारलेला, आणि त्यानं पांढऱ्या शर्टाची कॉलर धरली. मनगटाच्या वर मारुती गोंदलेला होता. लहानपणी तिनं त्या मारुतीवर बोट फिरवलं होतं. काका, ह्याची शेपटी कुठं संपते?

तिनं फोन पालथा ठेवला.

हे सगळं चौदा वेळा तिच्या डोळ्यांसमोर होतं. चौदा वेळा तिनं एक चोर पाहिला होता. त्या दिवशी ती साताऱ्यात नसती, पायरीवर असती, तर तिनं काय केलं असतं? तिला उत्तर माहीत होतं. मंडपापेक्षा ती जवळ असती, नानासोकाकांच्या आधी पोचली असती.

तिसऱ्या रविवारी अंतिम सामना. मैदानाला पताका लावल्या होत्या, मंडपात अण्णांचा फोटो, हार, पुढं चषक. नानासो छातीवर बिल्ला लावून सगळीकडं फिरत होते.

"अंजू, आलीस? पुढच्या खुर्चीवर बस. तुजं नाव घेनार हाईत दोनदा."

"काका, मध्यंतर झालं की तिसऱ्या पायरीवर या. काम आहे."

त्यांचा चेहरा क्षणभर तसाच राहिला आणि मग त्यावरचं हसू हळूहळू उतरलं. "हितंच बोल की."

"तिथं बोलू."

ते येणार नाहीत असं तिला वाटलं होतं. ते आले. ओमोंडी त्यांना पाहून उठून उभा राहिला, जायच्या तयारीत. अंजनानं त्याला हातानं थांबवलं. आसपासच्या माणसांनी तोंडं मैदानाकडं केली आणि कान इकडं.

"काका, त्या दिवशी यांना कुणी ओढलं?"

"आता त्ये काय... गर्दी हुती, अंजू. कोन कुनाला..."

"कॉलर कुणी धरली?"

"लोकांनी."

"चित्रणात हात दिसतोय, काका. मारुती गोंदलेला."

नानासोंनी बाही खाली ओढली. आपण काय केलं हे त्यांच्या लक्षात आलं, आणि ते मटकन पायरीवर बसले.

"मला वाटलं मारतोय गं," ते म्हणाले. "तुज्या आईची शपत. असा वरनं दणादणा दाबतोय, आन् अण्णाची मान हिकडं-तिकडं. माजं डोकंच फिरलं. माजा दोस्त हाय, मी काय बगत बसू?"

"त्या दिवशी वाटलं. नंतर?"

"चार दिसांनी नातीनं फोनवर दावलं. तिच्या कालेजात शिकवलंय म्हनं, असं करत्यात म्हनून." त्यांनी टॉवेलनं तोंड पुसलं. "तवापास्नं भाकरी गोड लागंना मला."

"मी विचारलं होतं तुम्हाला. छाती कुणी दाबली का, असं सरळ विचारलं होतं."

"आन् काय सांगू? अण्णा माज्यामुळं गेला, आसं तुला सांगू?"

"मग कंपनीला पत्र कशाला लिहिलंत?"

"त्यो हितं दिसला की मला बसवंना," ते म्हणाले.

ओमोंडी दोघांकडं आळीपाळीनं पाहत होता. "काय म्हणतोय तो?"

अंजनानं सांगितलं. डोकं फिरलं ते सांगितलं, नात सांगितली, पत्र आणि पत्राचं कारणही सांगितलं. ओमोंडीचा चेहरा सैल झाला नाही. उलट तो आता तिच्याकडं संशयानं पाहू लागला.

"हे तुम्ही कशासाठी करताय? तक्रारीत माझी साक्ष हवी म्हणून?"

"नाही."

"मग?"

"मला एक विचारायचंय. त्यांनी तुम्हाला ओढलं, तेव्हा अण्णा होते का?"

तो खाली बसला. "पवनचक्कीवर चढणाऱ्या प्रत्येकाला हे शिकवतात," तो म्हणाला. "दर दोन वर्षांनी पुन्हा शिकवतात. बाहुलीवर. मदत येईपर्यंत थांबायचं नाही, एवढंच. माणूस आहे का गेला, हे कळण्याआधीच मला थांबवलं. वाचले असते असं मी म्हटलं तर हा म्हातारा मरेल. नसते वाचले म्हटलं तर ते मला माहीत नसताना म्हटल्यासारखं होईल. मला माहीत नाही, मॅडम. रोज रात्री मला माहीत नसतं."

गेल्या दीड-दोन महिन्यांत अंजनानं ऐकलेलं हे पहिलं उत्तर होतं, ज्याची कुणी आधी तयारी केलेली नव्हती.

"त्येला सांग," नानासो म्हणाले, "माफी मागतो म्हनून. पाया पडतो म्हनून सांग."

तिनं सांगितलं.

"पाया नको," ओमोंडी म्हणाला. "मी मंगळवारी जातोय. कंपनीनं परत बोलावलंय, त्या पत्रामुळं. इथल्या सगळ्या पोरांना वाटतं मी पळालो. अण्णा ज्यांना नावानिशी ओळखायचे, त्या पोरांना." त्यानं खांबावरच्या लाऊडस्पीकरकडं बोट केलं आणि मराठीत म्हणाला, "त्यात सांग."

हे भाषांतर करावं लागलं नाही. नानासोंनी लाऊडस्पीकरकडं पाहिलं आणि मग अंजनाकडं.

"आज? अंजू, अण्णाच्या नावाची फायनल हाय. आमदारांचं मानूस आलंय. मंडळाची काय इज्जत..."

लहानपणी काकांनी खांद्यावर बसवून हेच मैदान तिला दाखवलं होतं. त्यांनी आता तिच्याकडून फक्त एक वाक्य मागितलं होतं, 'राहू दे काका.' ते तिच्या तोंडातून निघालं असतं तर सगळ्यांची सुटका झाली असती, बहुतेक तिचीसुद्धा.

"तुमचं तुम्ही ठरवा," ती म्हणाली.

ते उठले. पंचानं शिट्टी मारली, उत्तरार्ध सुरू झाला. नानासो मैदानाच्या कडेकडेनं चालू लागले, मान खाली घालून. निवेदकाचं टेबल आणि बाहेरचं गेट एकाच बाजूला होतं. ते गेटाकडं जातील असं तिला वाटत होतं. माणूस शेवटच्या दहा पावलांत कसा वळतो हे तिनं पुष्कळदा पाहिलं होतं. ओमोंडीही तेच पाहत होता.

नानासो टेबलापाशी थांबले. निवेदकाला वाटलं, कुणाचं तरी बक्षीस जाहीर करायचं असेल. त्यानं माईक दिला.

"सन्माननीय व्यासपीठ," नानासो म्हणाले. "आजच्या या अंतिम सामन्याचे अध्यक्ष, तसंच आमच्या भागाचे लाडके नेते, तसंच पंचक्रोशीतून आलेले सर्व क्रीडाप्रेमी..."

"काय म्हणतोय?" ओमोंडीनं विचारलं.

"अजून पाहुण्यांचीच नावं चालली आहेत," ती म्हणाली. "थांबा."

नावं संपता संपेनात. सरपंच झाले, माजी सरपंच झाले, मंडप देणारे झाले, चहा देणारे झाले. मैदानात चेंडू चालला होता. मग लाऊडस्पीकर मुका झाला. इतका वेळ मुका राहिला की दोन-चार खेळाडूंनी मान वळवून टेबलाकडं पाहिलं.

"त्ये नायजेरियाचं न्हाईत," नानासोंचा आवाज आला. माईकपासून तोंड लांब होतं. "आपन सगळी तसं म्हनतो. त्ये केनियाचं हाईत. ओमोंडी नाव हाय त्येंचं."

पायऱ्यांवर कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"आन् त्ये पळून गेलं न्हवतं. त्ये अण्णाला वाचवत हुतं. त्येंना मी वढलं. लोकांनी न्हवं. मी."

पंचानं खेळ थांबवला. चेंडू एकटाच घरंगळत कडेला आला आणि खालच्या पायरीला लागून थांबला.

"काय म्हणतोय?" ओमोंडीनं पुन्हा विचारलं. त्याला कळलं होतं, तरी विचारलं.

अंजनानं एकेक वाक्य इंग्रजीत करून दिलं. मधे दोनदा तिचा आवाज गेला, तेव्हा ती थांबली आणि राहिलेलं वाक्य पहिल्यापासून पुन्हा म्हटलं. काही गाळलं नाही.